मापात न येणारा दगड

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात घर बांधायला काढलं की मालकाची पहिली अट असते: दगडाचं नको, कॉलमचं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. त्यामुळे इथं दगडाची धास्ती असणं साहजिक आहे. तरी या धंद्यातला माणूस म्हणून मला वाटतं, आपण भलताच आरोपी धरला. जुन्या घराची भिंत दोन-तीन फूट जाड दिसे, पण ती एक भिंत नसे. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मधे कपच्या आणि चिखल. ही दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहायची तर भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड मधून मधून घालावा लागतो. त्याच वर्षीचं आयएस १३८२८ हे मानक सांगतं, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांच्या आत. पडलेल्या भिंतींत तो बहुधा नव्हता. माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेल्या पांढऱ्या मातीचं ओझंही होतंच. पण कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तेच माळवद पेलून उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

आरपार दगड का गळाला? तो निवडून आणायचा, घडायचा, दोघांनी उचलायचा. ब्रासच्या मापात मात्र तो इतर डबरासारखाच भरतो. भिंत पुरी झाली की तो आहे की नाही, कळायला मार्ग नाही. ज्याला दर नाही आणि जे झाकलं जाणार आहे, ते काम सगळ्यात आधी गळतं. काँक्रीट आल्यानं हे बदललं नाही. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवलं तर ते गाभ्यात रुतून बसतं. काटकोनात सोडलं तर हादऱ्यात वरचं काँक्रीट सुटताच रिंग उघडते आणि उभी सळई वाकते. लेबर रेट ठरतो स्क्वेअर फुटावर, आणि हुक कसाही वळवला तरी फूट तेवढेच भरतात. (वास्तुशांतीला आलेला पाहुणा फरशी बघतो.)

कुणी म्हणेल, दगडाची वकिली पुरे, तो सुधारणारा नाही. पण भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसनात ५२ गावं हलवली, तशी लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची ठरली. दगडी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, ही त्यातलीच एक रीत. म्हणजे राहिलेला दगडच उशिरा घातला. दुसरा आक्षेप, ‘पुन्हा कुठं होतोय भूकंप?’ १९९३ पर्यंत भूकंपाच्या धोक्याच्या सरकारी नकाशानंही हेच सांगितलं होतं. किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, आणि १९९२ मध्ये धक्के बसूनही तो तिथंच राहिला. २००२ च्या मानकात तो झोन तीनमध्ये गेला.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे, फक्त तो लोखंडाचा नाही. हुकाला दोन-चार इंच सळई जास्त लागते. जास्त लागतो तो वेळ, आणि फुटावर काम घेतलेल्या सळईवाल्याला वेळ परवडत नाही. त्याला बेइमान म्हणण्यात अर्थ नाही, आपण ठरवलेल्या दरानं तो वागतो. म्हणून बांधणीची मजुरी किलोवर वेगळी ठरवावी, आणि मालकानं किंवा इंजिनिअरनं रिंगा पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतू नये, हप्ताही देऊ नये. ठेकेदार म्हणतील काम अडतं. अडू द्यावं.

पाण्याचंही असंच आहे. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात हे सांगणं निर्दयपणाचं वाटतं. पण स्लॅबवर वाफे करून आणि कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून पाणी बरंच वाचतं. मे महिन्यातच काम उरकायचं असेल तर अंदाजपत्रकात सिमेंटच्या पोत्यांखाली टँकरची ओळ आधीच लिहावी, आणि ती परवडत नसेल तर स्लॅब पावसाळ्यानंतर टाकावा.