सफाळ्याची मूस

ज्या पदार्थाच्या नावाचा अर्थ विचारावा लागतो तो पदार्थ महाग असतो, असा माझा अनुभव आहे. पिठलं म्हणजे काय, बोंबील म्हणजे काय, असं हॉटेलात कुणी वेटरला विचारत नाही. चॉकलेट मूसची गोष्ट वेगळी. तिथं पंचाईत अशी, की मूस हा शब्द मराठीत आधीपासून आहे. आपली मूस सोनाराची. तिच्यात सोनं वितळवतात. फ्रेंच लोकांच्या भाषेत मूस म्हणजे फेस, मग तो साबणाचा असो की बियरचा. थोडक्यात काय, आपला सोनार मुशीत सोनं घालतो आणि फ्रेंच आचारी मुशीत हवा घालून तिला सोन्याचा भाव आणतो.

आमच्या पिढीची आणि चॉकलेटची ओळख तशी लांबूनच. लहानपणी कागदात गुंडाळलेल्या कुठल्याही गोळीला आम्ही चॉकलेट म्हणत असू. रावळगावची गोळी १९४२ पासूनची, तेव्हा ती घरचीच. कॅडबरी कंपनी १९४८ साली भारतात आली खरी, पण आमच्या सफाळ्यापर्यंत तिची वडी यायची ती मुंबईच्या पाहुण्याच्या पिशवीतून, आणि तीही पाहुण्याइतकीच घामाघूम होऊन.

२०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि सफाळं एकदम मुंबईच्या अंगणात आलं. सकाळी इथल्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईकडे जातात आणि सुट्टीत मुंबईचे हट्ट उलट दिशेनं सफाळ्याला उतरतात. यंदाच्या मे महिन्यात आमची बोरिवलीची नात असाच एक हट्ट घेऊन उतरली. "वाढदिवसाला केक नको, चॉकलेट मूस हवी. घरी केलेली. आणि मोठ्या आजीला चालेल अशी."

पहिल्या दोन अटी पैशानं आणि कष्टानं भागण्यासारख्या होत्या. तिसरी अवघड होती. मोठी आजी म्हणजे माझी काकू, वय वर्षं ब्याऐंशी. पंढरीची वारी करून गळ्यात माळ घातल्यापासून अंडं त्यांना वर्ज्य. घरात दरवर्षी केक कापला जातो, सगळ्यांची तोंडं माखतात आणि काकूंच्या हातावर आम्ही चिमूटभर साखर ठेवतो. "मला मेलीला गोड सोसत नाही," असं म्हणून त्या ती तोंडात टाकतात. रात्री मात्र उशाशी ठेवलेल्या डबीतून गुळाचा खडा काढल्याचा आवाज येतो. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलून दाखवलं ते दहा वर्षांच्या पोरीनं.

कंबरेचं हाड मोडल्यापासून काकूंचं स्वयंपाकघर सुटलं. त्या उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसतात. रिकामं वाटू नये म्हणून सौ. त्यांच्यापुढं तांदळाचं ताट ठेवते. तांदूळ निवडलेलेच असतात. काकू ते पुन्हा निवडतात.

आता मूस म्हणजे मुळात अंडीच. पांढरं वेगळं काढायचं, त्यात पिवळ्याचा टिपूससुद्धा जाऊ द्यायचा नाही, घट्ट फेटायचं आणि वितळलेल्या चॉकलेटात अलगद मिसळायचं. त्या पांढऱ्यातच हवा कोंडलेली. अंडं काढलं तर हवा धरणार कोण? चिरंजीवांनी शोध लावला, की हे कोडं ज्योएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गृहस्थानं २०१४ सालीच सोडवलं आहे. कडधान्य शिजवलेलं पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखाच फेस धरतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्या पाण्याला 'अक्वाफाबा' असं नावही मिळालं.

"म्हणजे कट," काकू उंबऱ्यातून म्हणाल्या.

पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या पाण्याची आमटी करणाऱ्या महाराष्ट्राला त्या फ्रेंच माणसानं काय नवं सांगितलं, असा त्यांचा सूर होता. फेस का येतो, याचं कारणही चिरंजीवांनी वाचून दाखवलं. हरभऱ्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन नावाचं द्रव्य. रिठ्याला फेस येतो तो याच सॅपोनिनमुळं. "डाळ शिजताना वर फेस येतो, तो आम्ही साठ वर्षं पळीनं काढून टाकला," काकू म्हणाल्या. "त्याचे पैसे होतात हे आधी कुणी सांगायचं नाही का रे?"

चॉकलेट आणायला चिरंजीव क्रॉफर्ड मार्केटात गेले. आमच्या बाजारात चॉकलेट मागितलं तर "कितीवालं?" असं विचारून दहाचं हातावर ठेवतात. आणताना एकच धोका. चॉकलेटातलं कोकोचं लोणी साधारण चौतीस अंशांना वितळतं. म्हणून तर ते तोंडात विरघळतं. पण मे महिन्यातल्या लोकलचा डबा हेही एक प्रकारचं तोंडच असतं. वैतरणेचा पूल ओलांडेपर्यंत दोनशे ग्रॅमच्या वड्यांचा एक जाड लगदा झाला होता. वितळवायचंच आहे, निम्मं काम रेल्वेनं केलं, असं म्हणून आम्ही तो स्वीकारला. काकूंनी चष्मा लावून पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र दोनदा पाहिला.

काबुली चणे रात्री भिजवून, बिनमिठाचे शिजवून, पाणी आटवून गार केलं होतं. ते बोटाला चिकटत होतं. सौ.नं गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवायला घेतलं. यात पाण्याचा एक थेंब उडाला तरी सगळं आळून त्याचा खडबडीत गोळा होतो, म्हणून त्या पातेल्याजवळ मोठ्यानं बोलायलाही बंदी होती. नातीनं विजेचं यंत्र पाण्यात बुडवलं. घुर्र झालं, पाणी पांढरं झालं, दुप्पट झालं आणि वीज गेली.

फेस तसाच ठेवला तर बसणार. चॉकलेट तसंच ठेवलं तर थिजणार. पोरीचे डोळे भरले. आम्ही चौघं शिकलेली माणसं त्या बंद यंत्राकडे बघत उभे होतो.

"रवी आण," काकू म्हणाल्या.

खुर्ची ओट्याशी सरकवली. भांडं उंच आणि अरुंद घ्यायला लावलं. "लिंबाचे दोन थेंब पिळ. साखर एकदम नको, चमचा चमचा." आणि तळव्यांत रवी धरून त्यांनी घुसळायला सुरुवात केली. पाव तास झाला. मी म्हटलं, "काकू, दमाल, द्या इकडे." त्यांनी नुसतं पाहिलं. वीस मिनिटांनी फेस इतका घट्ट झाला, की बोट फिरवलं तर रेघ मिटेना. "वड्याचं पीठ फेसून पाण्यात टाकून बघतात, तरंगलं पाहिजे. तसंच हे," त्या नातीला सांगत होत्या. चॉकलेट कोमट झाल्यावर त्यात फेस मिसळताना सौ. चमचा गरागरा फिरवायला गेली, तर तिचा हात धरला. "घोटू नको. खालून वर उलथ. इतकी कोंडलेली हवा सोडून देतेस की काय?"

वाट्या फ्रीजमध्ये गेल्या. बंद फ्रीज न उघडल्यास चारएक तास गार राहतो, पण गार आहे का हे पाहायला तो दर पाच मिनिटांनी उघडणं हा माणसाचा स्वभाव आहे. काकूंनी खुर्ची फ्रीजपुढंच मांडून घेतली. अडीच तासांनी वीज आली तेव्हाच त्या हलल्या.

संध्याकाळी पहिला चमचा नातीनं मोठ्या आजीला दिला. काकूंनी तो बराच वेळ तोंडात ठेवला. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ताडगोळ्यासारखं गार आहे," त्या म्हणाल्या. "पण हवाच आहे सगळी." आणि वाटी पुसूनपुसून खाल्ली. त्या रात्री गुळाच्या डबीचा आवाज आला नाही.

सकाळी सौ.नं सवयीनं तांदळाचं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. काकूंनी ते परत तिच्याकडे सरकवलं.

"हे निवडलेले आहेत, सूनबाई. रोजच असतात. रात्री हरभरे भिजत घाल."