कळसूत्री ब्राउझर

संगणकवाल्यांना नावे ठेवण्याची मोठी हौस. 2004 साली शिकागोच्या थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी ब्राउझर चालविणारे एक साधन तयार केले. त्या काळी या धंद्यात ‘मर्क्युरी’ नावाची कंपनी जोरात होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियमचा. म्हणून या साधनाचे नाव ‘सेलेनियम’! पुढे 2017 मध्ये गूगलच्या क्रोम चमूने ‘पपेटिअर’ आणले आणि 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्लेराइट’. एक कळसूत्री बाहुल्या नाचविणारा, तर दुसरा नाटककार. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर ज्या दोऱ्या बोटांवर खेळवितात, त्याच दोऱ्या इथे चार ओळींच्या आज्ञेत असतात. (संगणकवाल्यांची ‘लायब्ररी’ पुस्तकांची नव्हे, दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आयत्या आज्ञांची.)

ब्राउझर उघड, अमुक पानावर जा, तमुक रकाना भर, बटण दाब. एवढे शिकायला एक दुपार पुरते. खिडकी न दाखवताही ब्राउझर चालविता येतो. त्याला ‘हेडलेस’ म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा भुताटकीचाच प्रकार वाटतो, कारण पडद्यावर काहीच नाही आणि आत अर्ज भरले जात आहेत!

अवघड काय असेल, तर थांबणे. आपण पान उघडले की बटण दिसेपर्यंत आपोआप थांबतो. आज्ञावलीला तो पोच नाही. बटण उमटण्याआधीच ती ते दाबायला जाते आणि आपटते. मग लोक ‘पाच सेकंद थांब’ असे लिहितात. जाळे मंद असले की पाच सेकंद पुरत नाहीत, वेगवान असले की फुकट जातात. प्लेराइटने यावर चांगली तोड काढली. बटण दाबण्यापूर्वी ते पाहते: बटण दिसते आहे का, हलायचे थांबले आहे का, चालू आहे का, त्याच्यावर दुसरे काही आडवे आले नाही ना. थोडक्यात, माणसाला ते दाबता आले असते का? मला या सबंध विद्येत हीच गोष्ट सर्वांत सभ्य वाटते. ही तपासणी बाजूला सारून बटण जबरदस्तीने दाबण्याची सोयही आहे. पण ती वापरली की चाचणी पास होते आणि खरा विद्यार्थी मात्र तिथेच अडकून राहतो.

पण हा सभ्यपणा आपल्या भाषांपाशी येऊन थोडा अडखळतो. एका संस्थेच्या प्रवेशअर्जाची चाचणी घेण्याचे काम मी आणि कन्नड विभागातली माझी मैत्रीण अशा दोघींकडे आले होते. ‘मातृभाषेतील नाव’ असा एक रकाना त्यात होता. प्लेराइटने एकेक अक्षर टाकत तिथे मराठी नाव भरले, कन्नड नाव भरले, सगळे हिरवे. मैत्रिणीला काय वाटले कोण जाणे, तिने कळफलक ओढून घेतला आणि इनस्क्रिप्टमध्ये स्वतःचे नाव टाइप करू लागली.

“अगं, हे काय? एक अक्षर उमटेना की!”

मी मराठीत करून पाहिले. तेच. रोमन अक्षरे मात्र सुखेनैव उमटत होती.

उलगडा व्हायला तासभर गेला. इंग्रजी नावाच्या रकान्यावर बसविलेला पहारेकरी कोणीतरी जसाच्या तसा उचलून इथेही बसविला असावा. कळ दाबली गेली की तो अक्षर तपासे आणि ए ते झेडपैकी नसेल तर बाहेरच थोपवी. मग आमची बाहुली आत शिरली कशी? तर अमेरिकन कळफलकावर नसलेले अक्षर आले की प्लेराइट कळ दाबल्याचे नाटक करीतच नाही. अक्षर थेट रकान्यात सोडते. त्याच्या माहितीपत्रात हे स्वच्छ लिहिलेले आहे, त्यात लपवाछपवी नाही. परिणाम असा, की ‘Ramesh’ असे रोमनमध्ये लिहायचे तर कळा खरोखर दाबल्या जातात, आणि ‘रमेश’ लिहायचे तर भिंतीवरून उडी. पहारेकरी दाराशी उभाच!

म्हणजे ज्या मुलांसाठी तो रकाना ठेवला होता, नेमकी तीच मुले बाहेर राहिली असती, आणि आमच्या अहवालात सगळे आलबेल असते. मैत्रीण हसून म्हणाली, “मराठी-कन्नड वाद असू दे बाजूला, इथं दोघींनाही एकाच दारातून हाकललंय बघ.”

आम्ही तो दोष लिहून कळविला. अजूनही चाचण्या रात्री हेडलेस चालतात आणि सकाळी निकाल येतो. तो पाहण्याआधी आम्ही संगणकापाशी बसतो आणि तो एक रकाना हाताने भरतो. ती कन्नडमध्ये, मी मराठीत. तिच्या नावात ‘क्ष’ आहे, माझ्या नावात ‘ज्ञ’.