खण मोजणारा कॅमेरा

पुण्याच्या कसब्यात वाड्याचे फोटो काढायला आलेला माणूस आधी दरवाजाचा फोटो काढतो. दुसरं करणार काय? रस्त्यावरून तेवढंच दिसतं. घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर जाड भिंत, मधोमध भक्कम दार आणि त्या दारात वाकून आत शिरायची दिंडी. बाकी सगळा वाडा आत, चौकाभोवती. शिवाय बोळात मागे सरकायला जागा नसते. वाइड लेन्स लावून कॅमेरा वर केला की उभ्या भिंती माथ्याकडे एकमेकींवर कलतात आणि दोन मजली वाडा मनोऱ्यासारखा दिसतो. त्यावर उपाय एकच. समोरच्या घरातल्या लोकांशी ओळख काढायची, त्यांच्या गॅलरीत उभं राहायचं आणि कॅमेरा सरळ धरायचा. चहा घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही.

मला मात्र ओढ असते ती आतल्या खांबांची. वाडा भिंतींवर उभा नसतो, तो सागवानाच्या सांगाड्यावर उभा असतो. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्याला हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा जाड थर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुन्या लोकांना घर केवढं विचारलं की ते खणांत सांगतात, चौरस फुटांत नाही. लाकूड थेट जमिनीवर टेकवलं तर ओल आणि वाळवी दोन्ही वर चढतात, म्हणून तळखडा. मी फोटो खालूनच सुरू करतो. तळखडा कधी चौकोनी, कधी कमळाच्या पाकळ्या कोरलेला, आणि पुष्कळदा नंतरच्या शहाबादी फरशीत निम्मा बुडालेला. तो किती बुडालाय यावरून जमीन किती वेळा वर आली त्याचा अंदाज येतो.

शनिवारवाडा इथून हाकेच्या अंतरावर. 1828 च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. तट, दरवाजे आणि जोती राहिली. लोक दिल्ली दरवाजासमोर उभं राहून फोटो काढतात, पण त्या जोत्यांवर काय उभं होतं हे समजून घ्यायचं तर जिथे लाकूड अजून शाबूत आहे तिथेच जावं लागतं. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात सुरूच्या आकाराचे खांब आहेत, पण तो पेशव्याचा वाडा. साध्या गृहस्थाच्या, दीड चौकाच्या वाड्यातला सुतार कमी लाकडात काय काय करतो, ते कसब्यातच पाहावं.

उजेडाची गंमत वेगळीच. हिवाळ्यात ऊन वरच्या सज्जावरून खाली येतच नाही. मेच्या मध्यावर मात्र सूर्य पुण्याच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि दुपारी चौकाच्या तळाशी ऊन उभं पडतं. ते फरसबंदीवरून उसळून ओसरीच्या कडीपाटावर जातं आणि खालून उजळलेलं छत दिसतं. हस्तांवरचं कोरीव काम वाचावं तर त्या वेळी. माजघरात मात्र तेव्हाही अंधारच. आता तीनचार एक्स्पोजर एकत्र करून तो अंधार पुसता येतो. मी पुसत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात माजघर काळोखं आणि गार हवं म्हणूनच ते तसं बांधलंय.

या कामात मला आधार वाटतो तो जुझेप्पे पागानो या इटालियन वास्तुकाराचा. 'कासाबेला' या मासिकाचा हा संपादक रोलिफ्लेक्स घेऊन इटलीतल्या खेड्यांतून हिंडला. शेतकऱ्यांची घरं, गवताच्या माड्या, बाहेरचे जिने, छपरं असे फोटो जमवून त्याने 1936 साली मिलानच्या त्रिएनालेत प्रदर्शन मांडलं. 1945 साली तो माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला. त्याच्या फोटोंत हळवेपणा नाही. हे छप्पर इतकं उतरतं का, खिडकी एवढीशी का, असे प्रश्न त्याला पडलेले दिसतात. इटलीच्या डोंगरातली कितीतरी गावं माणसं गेल्यामुळे ओस पडली. कसब्यात माणसांची दाटी आहे, तरीही वाडे पडतात.

त्याचं एक कारण कायद्यात आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच इतकी किरकोळ, की वाढून वाढून ती किती वाढणार? मालक कौलं बदलत नाही, भाडेकरू आपल्यापुरता पत्रा टाकतो, पावसाचं पाणी तुळईच्या टोकाशी मुरतं. भिंतीत गेलेलं ते टोक आधी कुजतं, आणि नेमकं ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पोपडे आलेल्या भिंती, मोडकी खिडकी, त्यात बसलेलं मांजर असले कृष्णधवल फोटो पाहिले की मला राग येतो. ज्याच्या डोक्यावर ते छप्पर गळतं त्याला त्यात काव्य दिसत नाही.

एका वाड्यात ओसरीवर टेप लावत होतो. आतून आजी आल्या.

"तुम्ही बिल्डरचे का कार्पोरेशनचे?"

"कुणाचाच नाही आजी, फोटो काढतो."

"मग टेप कशाला?"

खण मोजतोय म्हटल्यावर त्या बसल्या. कुठल्या खणात पाळणा टांगायचे, कुठे धान्याचं बळद होतं, कुठला खांब मागाहून घातलाय, सगळं त्यांनी सांगितलं. तो मागाहून घातलेला खांब मी एकट्याने ओळखला नसता. सुताराने हस्त हुबेहूब उतरवला होता.

वाडा उतरवला की लाकूड वखारीत जातं. कोरीव खांब पुढे एखाद्या हॉटेलच्या दाराशी उभे दिसतात, वर काही न पेलता. त्यांचे फोटो कुणीही काढेल. जे कुणी विकत घेत नाही त्याची नोंद आधी व्हावी असं मला वाटतं. त्यात पहिला जिना. भिंतीच्या जाडीत दडवलेला, उभा, काळोखा, धरायला वरून लोंबणारा दोर. त्या आजी आता वर जात नाहीत. वाड्याच्या जागी होणाऱ्या नव्या इमारतीत लिफ्ट येणार म्हणून खूश आहेत, आणि त्यांचं बरोबरच आहे. तोवर मी ट्रायपॉडचे पाय आखडून दोन पायऱ्यांवर बसवतो, टॉर्चचा उजेड समोरच्या भिंतीवर टाकतो आणि पायरीलगत टेप उभी धरतो, फोटोत आकडे वाचता येतील अशी.