खरा तेजा कोण?

मुंबईच्या ‘स्क्राइब’ या बँडचा ‘मार्क ऑफ तेजा’ हा अल्बम २०१० साली आला आणि नागपुरात माझ्या ओळखीच्या मेटलवाल्यांत उभी फूट पडली. एका गटाला वाटलं, मेटलकोरला अखेर आपल्याकडची जीभ फुटली. दुसरा गट म्हणाला, हा काय चावटपणा बे! ही पोरं मरणाबिरणावर ओरडायचं सोडून पावभाजीवर गाणं करतात आणि अल्बमला ‘अंदाज अपना अपना’तल्या तेजाचं नाव देतात. गंमत अशी की त्या सिनेमात खरा तेजा कोणता याचाच गोंधळ आहे, आणि आमच्यातलं भांडणही खरं मेटल कोणतं यावरच होतं.

मी लाइव्ह साउंड करतो, त्यामुळे वाद ऐकताना माझे कान दुसरीकडेच असतात. मेटलकोर म्हणजे हार्डकोर पंक आणि मेटल यांचा संकर. त्याचा जीव ब्रेकडाउनमध्ये. सुसाट धावणारं गाणं अचानक अर्ध्या लयीवर येतं. सूर उतरवलेल्या गिटारच्या जाड तारा तळहाताने दाबून वाजतात आणि किक ड्रम त्यांच्या ठोक्याला ठोका लावतो. पण खरी मेख त्याच्या आधीच्या क्षणभराच्या शांततेत असते. तेवढ्यात अ‍ॅम्पची घरघर ऐकू आली तर पुढचा घाव पोकळ वाटतो. म्हणून गिटारवर ही घरघर कापणारा नॉइज गेट लागतो. तो उशिरा बंद झाला तर घरघर राहते, घाईने झाला तर सूर तुटतो. किक आणि बास एकमेकांवर चढले तर नुसता गडगडाट.

विनोदाचंही गणित हेच. आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यात ढोलकी थांबते, गडी एक वाक्य टाकतो, लोक हसत असतानाच ढोलकी पुन्हा उसळते. स्क्राइबचा थिल्लरपणा मला त्यामुळे कधी खटकला नाही. त्यांचा विनोद शब्दांइतकाच चालीतही आहे: गाणं कुठे वळेल याचा अंदाज बांधावा तर ते भलतीकडे उडी मारतं, आणि हे करायला हात तयार लागतो. त्यांचा गायक विश्वेश कृष्णमूर्ती याचं ओरडणं तर एकाच वेळी धमकी आणि नक्कल वाटतं.

पण दुसऱ्या गटाची तक्रार अगदीच खोटी नव्हती. २०१४ च्या ‘हेल मोगॅम्बो’ या स्क्राइबच्या अल्बमपर्यंत सिनेमातल्या खलनायकाचं नाव देण्याची युक्ती ओळखीची झाली होती, नाव वाचूनच हसू येऊन गेलं, गाण्यासाठी फारसं उरलं नाही. वाजवणं तेवढंच घट्ट, पण दचकणं कमी.

त्याच वर्षी मुंबईच्याच दुसऱ्या बँडचा ‘मॅन’ हा अल्बम आला. गंभीर, जड, दमवणारा. आमचे शुद्धतावादी खूश झाले; म्हणाले, याला म्हणतात मेटल. त्या बँडचं नाव ‘भयानक मौत’. त्यावर मात्र एकही जण हसला नाही.