नानांच्या कपाळावरची पट्टी

२०२४ च्या मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात जे खोके आले, ते चपलांच्या खोक्याहूनही लहान होते. पण घरातले सगळे कामधाम टाकून त्याच्याभोवती जमले.

२०२३ च्या दिवाळीनंतर नानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलू लागला, काठी टेकत ते देवघरापर्यंत जाऊही लागले. वाचा मात्र परतली नाही. समजते सगळे. वर्तमानपत्र समोर धरून बसतात, क्रिकेट पाहतात, आमटीत मीठ कमी असले तर वाटी सरकवतात. पण बोलायला गेले की "ते... ते..." एवढेच. उभे आयुष्य शाळेत गणित शिकवलेला माणूस!

नातू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मेंदूतल्या लहरी टिपणारी पट्टी हल्ली बाजारात मिळते आणि ती घरीच लावता येते, हे कळताच त्याने साठवलेल्या पैशांतून ती मागवली. वर माईंना सांगून बसला, "आजी, आता आजोबांच्या मनातलं आपल्याला कळेल." हे तो बोलला नसता तर बरे, असे त्याच्या आईला तेव्हाच वाटले. पण माईंच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड दिसला होता. तो कोण विझवणार?

पट्टी चष्म्यासारखी कपाळावरून कानांमागे जाणारी. कपाळावर दोन आणि प्रत्येक कानामागे एक अशा तिच्या धातूच्या पट्ट्या कातडीला नीट चिकटल्या, की मोबाइलच्या पडद्यावर चार वर्तुळे भरतात. पहिल्या संध्याकाळी एकही भरेना. तासभर खटपट झाली. शेवटी सूनबाईंच्याच लक्षात आले, की माई रोज सकाळी नानांच्या डोक्याला खोबरेल चोळतात. तेलाच्या थरातून वीज कशी जाणार? ओल्या फडक्याने कपाळ आणि कानांमागची जागा पुसली, चष्मा उतरवला, पलंगाशेजारचा विजेचा बोर्ड दूर केला. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते आणि तिची कुजबुजही असे यंत्र ऐकते. मग चारही वर्तुळे भरली आणि पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा धावू लागल्या.

या रेघा म्हणजे विचार नव्हेत. मेंदूतल्या लाखो पेशी एकदम हालचाल करतात तेव्हा कवटीबाहेर जी वीज झिरपते ती फार तर काही दशांश मायक्रोव्होल्ट नव्हे, पण काही दहा मायक्रोव्होल्टच असते. घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे पंधरा लाख मायक्रोव्होल्टचा! पापणी लवली तरी त्याहून मोठा डोंगर उमटतो आणि दात आवळले तर सगळ्याच रेघा पिसाटतात. क्रीडांगणाच्या भिंतीला बाहेरून कान लावला तर षटकार बसला हे कळते; कोण काय बोलले ते कळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

गंमत म्हणजे या विद्येचा उगमही दुसऱ्याच्या मनातले कळावे या आशेतच आहे. जर्मनीतल्या जेना शहराचे डॉक्टर हान्स बर्गर तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडून थोडक्यात बचावले. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला अस्वस्थ वाटले आणि घरून चौकशीची तार आली. ही गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम नोंदवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. मन वाचता आले नाही. पण डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा वेळा हेलकावणाऱ्या लहरी उठतात, हे मात्र पक्के सापडले.

नातवाने तेच पकडले. डोळे मिटले तर 'हो', उघडे ठेवले तर 'नाही'. "आजोबा, चहा हवा?" नानांनी डोळे मिटले. लहर उठली, पडद्यावर 'हो' आले. पोराने टाळी वाजवली.

"अरे, ह्यांनी डोळे मिटले हे मला दिसतंय की," माई म्हणाल्या. "त्याला पट्टी कशाला?"

सगळे हसले, नानाही. फक्त नातवाचे तोंड उतरले.

एवढ्यावर संपते तर ठीक होते. पण त्या अॅपमध्ये 'शांतपणा'चा आकडाही दिसे आणि आठवडाभरात घराला त्याची सवय लागली. नानांकडे पाहण्याआधी मोबाइलकडे पाहायचे! वाड्याचा लाकडी जिना उभा, नानांना अवघड. म्हणून वाडा विकून मांजलपूरला लिफ्टचा फ्लॅट घ्यावा, असे मुलाच्या मनात होते. हेतू वाईट नव्हता. एका संध्याकाळी त्याने कागद समोर ठेवून विषय काढला. पडद्यावर आकडा होता ८१.

"बघा, नानांची हरकत दिसत नाही," तो म्हणाला.

सूनबाई नानांच्या डाव्या हाताकडे पाहत होत्या. खुर्चीची कड त्यांनी इतकी आवळली होती, की नखे पांढरी पडली होती.

"अहो, आकडा शांत आहे, नाना नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी काढून ठेवली.

लहरींच्या प्रमाणावरून कंपनीने बसवलेल्या हिशेबातून तो आकडा येतो. वाडा विकायला संमती आहे की नाही, हे त्यात कुठून येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी, नाना ताजेतवाने असताना, त्यांनी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी दिलेला 'हो-नाही'चा पुठ्ठा पुढे ठेवला. अशा आजारात 'हो'च्या जागी 'नाही' होऊ शकते, म्हणून प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा. "वाडा विकायचा?" बोट 'नाही'वर. थोड्या वेळाने, "वाडा ठेवायचा?" बोट 'हो'वर. संध्याकाळी पुन्हा तेच. कागद कपाटात गेले. जिन्याला दुसरा कठडा बसवायला सुतार आला.

२०२३ मध्ये अमेरिकेत वाचा गेलेल्या दोन स्त्रियांचे शब्द मेंदूतल्या लहरींवरून पडद्यावर उमटवले गेले, हे खरे आहे. पण त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून विद्युतअग्रे बसवली होती. शिवाय त्यांच्या मनात शब्द शाबूत होते, स्नायू ऐकत नव्हते. नानांचा घाव शब्द गुंफले जातात तिथेच आहे. हे नातवानेच वाचून माईंना समजावले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मी रोज वाट बघत होते."

सूनबाईंनी अॅपच्या अटीही वाचल्या आणि खाते बंद करून साठवलेली नोंद पुसायला लावली. चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूतल्या नोंदींचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले. आपल्याकडे बँकेचा पिन जपणारी माणसे अशा अटींवर न वाचताच 'मान्य' दाबतात.

पट्टी अजून घरात आहे, फोनवरच रेघा दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला जोडलेली. आता ती नातवाच्या कपाळावर असते आणि मोबाइल नानांच्या उजव्या हातात. पोरगा मुद्दाम पापण्या मारतो, नाना डोंगर मोजून आखडलेली बोटे एकेक करून उघडतात. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. माई तेलाची वाटी घेऊन दारात उभ्या असतात. "झालं का तुमचं? आता तरी मला डोक्याला तेल लावू द्या."