माझं काही खरं नाही

"आता माझं काही खरं नाही." हॉस्पिसच्या खाटेवरून हे वाक्य आलं की जवळ बसलेल्या लेकीचं उत्तर ठरलेलं असतं: "असं अभद्र बोलू नये." आजी गप्प होतात. स्वयंसेवकाने तिथे खुर्ची जवळ ओढायची आणि विचारायचं, "असं का वाटतंय, आजी?" मग थांबायचं.

*

"त्यांना काही सांगू नका, खचतील." ही विनवणी बहुतेक घरांतून होते आणि ती मायेपोटीच होते. पण दिवसेंदिवस अंग झडत चाललेल्या माणसाला काहीच कळत नसेल, हे मला पटत नाही. नवऱ्याला ठाऊक असतं, बायकोला ठाऊक असतं आणि दोघं एकमेकांपासून लपवत बसतात. स्वयंसेवकाने परस्पर काही फोडायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. मात्र रुग्णाने थेट विचारलं, तर खोटा धीरही द्यायचा नाही. "तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरांना बोलवू का?" एवढं म्हणता येतं.

*

लंडन, 1948. वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा हा ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणाच्या दारात होता. समाजसेविका सिसिली साँडर्स त्याला भेटायला जात. मरणाऱ्यांसाठी वेगळी जागा हवी, हा विचार त्या दोघांच्या बोलण्यातून रुजला. जाताना त्याने 500 पौंड मागे ठेवले. साँडर्स पुढे डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 चं, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र 1997 चं.

*

आधी दुखणं थांबलं पाहिजे. कळा येत असताना कोण कशाला मन मोकळं करेल? तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साधारण दर चार तासांनी द्यावं लागतं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात ते कित्येक रुग्णालयांतून नाहीसंच झालं, आणि दुरुस्तीला 2014 उजाडलं. मधल्या काळात कितीजण कण्हत गेले असतील, या विचाराने आजही संताप येतो.

*

मरणाविषयी बोलतात म्हणजे काय बोलतात? पाटल्या कोणत्या सुनेला द्यायच्या. बांधावरून भावाशी धरलेला अबोला. गावी नेतील की इथेच उरकतील. धाकटीचं लग्न कोण बघेल. आणि आवाज खाली आणून: "शेवटी श्वास कोंडतो का हो? रात्री कुणी असेल ना जवळ?" या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं नर्सताई देऊ शकतात, त्यांना तिथल्या तिथे बोलवावं. भावाला फोन लावून देणं मात्र आपल्या हातात असतं.

*

एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकातल्या मरणाला सामोरं जाण्याच्या पाच अवस्था वाचून आलेले स्वयंसेवक रुग्ण कितव्या पायरीवर आहे ते शोधू लागतात. नका शोधू. सकाळी मरणाची तयारी सांगणारे काका दुपारी दिवाळीला घर रंगवायचं ठरवतात. दोन्ही ऐकावं.

*

कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या असाध्य आजाऱ्यांच्या शुश्रूषेच्या कामातून केरळात शेजारपाजारची माणसं शिकून तयार झाली. ती घरोघर जातात. 2008 मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी धोरणही केलं. आपल्या गावांत भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, आजाऱ्याला भेटायला जायची रीतही आहे. त्यांतल्या दोघाचौघांना हे शिकवायला आपण कधी सुरुवात करणार?