बीड आणि मेण

बदलीच्या नोकरीत माणसाने जड वस्तूंचा लोभ धरू नये, हे शहाणपण प्रत्येक सरकारी वसाहतीत ऐकू येते. तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलावयाचे असते. तेव्हा टेबल घ्यावे ते घडीचे, खाट घ्यावी ती सुटी होणारी, आणि अंगणात काही लावावयाचेच झाले तर आंब्याऐवजी झेंडू लावावा. आंबा लावणाऱ्याच्या नशिबी त्याचा मोहोरदेखील नसतो. या शहाणपणाशी आमचे भांडण नाही. तरीही गेली तीन वर्षे, कोलकात्याच्या दमट हवेत, मोटारीसाठी बांधलेल्या एका लहानशा खोलीत आम्ही अडीच क्विंटलांच्या घरातल्या एका यंत्राची सेवा करीत आलो आहोत. त्या सेवेत जे दोन शब्द शिकावयास मिळाले, ते आमच्यासारख्याच फिरत्या मंडळींच्या कानी घालावेत असे वाटते.

हे यंत्र म्हणजे सुताराची गोल करवत. मधल्या फटीतून दहा इंचांचे दातेरी पाते वर आलेले आणि त्याच्या भोवती सव्वादोन फूट रुंद व साडेतीन फूट लांब असे सपाट टेबल. हे टेबल बिडाचे. बीड म्हणजे येथे मराठवाड्यातला जिल्हा नव्हे. आपल्या तव्याचे आणि कढईचे ते ओतीव लोखंड. आमच्या आधी या घरात राहिलेले तमिळ गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा त्यांनी ते येथेच ठेवले. त्याबद्दल पैसा घेतला नाही, अट मात्र एक घातली. टेबल विकावयाचे नाही. जाताना, जो ते वापरील त्याच्या हाती द्यावयाचे. खालच्या पेटीच्या लाकडी दाराला आतल्या बाजूने पेन्सिलीने तारखांची एक लांब रांग लिहिलेली होती. त्या टेबलाला मेण लावल्याच्या तारखा होत्या. अक्षरे दोन हातांची होती; म्हणजे त्या गृहस्थांच्याही आधी कोणी एक होता.

करवतीच्या पात्याला धार हवी हे कोणासही समजते. टेबलाचे एवढे कौतुक कशासाठी, हे समजण्यास मात्र चार फळ्या कापाव्या लागतात. फळी पात्याकडे सरकते ती या टेबलावरून. ते सपाट नसेल तर काप सरळ येत नाही. खरखरीत असेल तर फळी अडते. अडलेली फळी माणूस जोर लावून ढकलतो, आणि फिरत्या पात्यापासून वीतभर अंतरावर लावलेला जोर हा सुतारकामातला सर्वांत वाईट जोर होय. गुळगुळीत टेबलावर लाकूड दोन बोटांनी पुढे जाते. मेणाच्या त्या पातळ थराने लोखंड वाचते हे खरे; पण त्याहून आधी बोटे वाचतात.

बिडाची प्रकृतीही पाहण्यासारखी आहे. त्यात अडीच ते चार टक्के कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला राहतो. या पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ होते, आणि त्यांच्याचमुळे ते यंत्राची थरथर आपल्या पोटात जिरवते. पोलादाची पट्टी आपटली तर ती घंटेसारखी वाजते. बीड ठप्प असा एक शब्द उच्चारून गप्प बसते. जुन्या काळचे ओतारी असली ओतीवे साच्यातून काढली की महिनोन्महिने अंगणात उघड्यावर टाकून ठेवीत. ओतताना धातूच्या अंगात राहिलेला ताण उन्हापावसात सैल होई, आणि मगच पृष्ठभाग तासून सपाट केला जाई. तासताना मात्र ओतीवाची उपजत खरखरीत कातडी निघून जाते. ती कातडी गंजाला थोडाफार अटकाव करीत असते. टेबल जितके गुळगुळीत, तितके ते उघडे. रूपाची ही किंमत त्याला द्यावी लागते.

बंगालीत गंजाला ‘मोरचे’ म्हणतात. टेबलावर मोरचे धरले आहे, असे एका कारागिराने प्रथम सांगितले तेव्हा आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे झेंडे आणि घोषणा उभ्या राहिल्या. विचार करता तो शब्द अगदीच चुकीच्या चित्राकडे नेत नाही. गंज हा एकट्याने येत नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांची भेट झाली की पहिला ठिपका उमटतो. तो सच्छिद्र असल्यामुळे हवेतील ओल धरून ठेवतो, आणि ती ओल शेजारच्या लोखंडालाही मिरवणुकीत ओढते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की हे काम वेगाने चालते. आणि कोलकात्याच्या आषाढ-श्रावणात ती दिवसचे दिवस ऐंशीच्या वर असते.

पाऊस थेट अंगावर पडावयास हवा असेही नाही. थंडी ओसरून बंगालच्या उपसागराची ओलसर हवा माघ-फाल्गुनात परत येते, तेव्हा रात्री गार पडलेले बीड सकाळी ऊब धरण्यास उशीर लावते; मग गार पाण्याच्या तांब्याला फुटतो तसाच घाम त्याला फुटतो. माणसाचा घाम त्याहून वाईट, कारण त्यात मीठ असते. पाहुण्याने कौतुकाने टेकवलेला पंजा दोन दिवसांनी पाची बोटांसह तांबूस उमटलेला आम्ही पाहिला आहे. ओल्या लाकडाची तऱ्हा आणखी निराळी. त्यातील तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळा डाग पाडते. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून कलमकारीचा काळा रंग करतात, त्यातलेच हे रसायन. फक्त येथे ते कोणी मागितलेले नसते.

उपाय अगदी साधा आहे. प्रथम विजेची पिन काढावी आणि पाते खाली उतरवावे. भुसा झाडावा, खाचाही कोरून घ्याव्यात, कारण भुसा ओल धरतो. तांबूस ठिपके असतील तर थोडे रॉकेल टाकून बारीक पॉलिश पेपराने एकाच दिशेने, सर्वत्र सारखे घासावे. एकाच जागी घासत बसले तर ठिपका जातो आणि खळगा राहतो. टर्पेंटाइनने पुसून टेबल कोरडे करावे. मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने मेणाचा शक्य तितका पातळ हात द्यावा. दहा-पंधरा मिनिटांत त्यावर धुके धरल्यासारखे दिसू लागले की स्वच्छ फडक्याने चोळून ते धुके पूर्णपणे काढावे, आणि पुन्हा एकदा हेच करावे. टर्पेंटाइनची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. बाहेर पसरून वाळवावीत. जाड थर दिला म्हणजे अधिक रक्षण होईल असे वाटते, परंतु जाड मेण चिकटते, भुसा पकडते आणि लाकडालाही लागते.

मेण कोणते, याविषयीही थोडे सांगावयास हवे. सुंदरबनाच्या खाड्यांत चैत्र-वैशाखात मध काढावयास जाणाऱ्या मौल्यांमुळे या भागात मधमाशांचे मेण मिळते. त्याचा वास फार सुरेख. पण ते साधारण बासष्ट-चौसष्ट अंशांवर वितळते, आणि उन्हाळ्यात बोटाला चिकट लागते. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण ऐंशी अंशांच्याही वर वितळते व कडक राहते. दोन्ही मिळून केलेला लेप या हवेला मानवतो. सिलिकोन असलेली मोटारीची पॉलिशे मात्र दूर ठेवावीत. सिलिकोन लाकडाला लागले की पुढे त्या लाकडावर वॉर्निश नीट बसत नाही, जागोजाग डोळे पडतात.

आमच्या सौभाग्यवतींना हा सारा खटाटोप प्रथमपासून हास्यास्पद वाटत आला. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा बिडाचा तवा आहे. तो प्रत्येक बदलीत मालमोटारीने न जाता त्यांच्या मांडीवरून प्रवास करतो. त्याला त्या मेण लावीत नाहीत की तारीख लिहीत नाहीत. घावने झाली की तवा पुसतात, तेलाचा बोळा फिरवतात, बस. चिंचेचे काही त्यावर करीत नाहीत आणि तो भिजत टाकीत नाहीत. तापलेल्या तव्यावर तेलाचा जो काळा, कडक थर वर्षानुवर्षे जमतो, तोच त्याचे कवच. आमच्या टेबलाला तेल चालत नाही, कारण ते लाकडात मुरते. एवढा भेद आम्ही त्यांना समजावून सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, “तवा रोज चुलीवर चढतो, म्हणून तो टिकतो. तुमचे टेबल महिन्यातून दोन रविवार कामाला लागते, म्हणून त्याला औषध लागते.” हे वाक्य आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले, पण ते मनात राहिले.

दिल्लीत असताना मेहरौलीचा लोहस्तंभ आम्ही अनेकदा पाहिला होता. सात मीटरांहून थोडा उंच, सहा टनांहून जड असा तो गुप्तकाळातील खांब सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. तो ओतीव नाही. तापलेल्या लोखंडाचे गोळे ठोकून एकजीव केलेला आहे. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० साली त्याच्या टिकाऊपणाची मीमांसा मांडली. त्या लोखंडात आजच्या पोलादापेक्षा फॉस्फरस पुष्कळच अधिक आहे, आणि त्यामुळे गंजाच्याच पोटी फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर तयार होऊन तो पुढच्या गंजाला वाट देत नाही. स्वतःच्या दुखण्यातून स्वतःचे कवच घडविणारे हे लोखंड पाहून हात जोडावेत. तरी त्यालाही पाठीशी घेऊन मिठी मारणाऱ्या प्रेक्षकांचा उपद्रव सोसेना, आणि १९९७ साली भोवती कुंपण घालावे लागले.

कोलकात्यात त्याच्या अगदी उलट उदाहरण रोज दिसते. १९४३ साली खुला झालेला हावडा पूल, १९६५ पासूनचा रवींद्र सेतू, सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा आहे. तो स्वतःचे रक्षण करीत नाही, रंगारी करतात. २०१० च्या सुमारास तर असे आढळले की पादचाऱ्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी त्याच्या टांगत्या खांबांच्या पायथ्याची पोलादी आवरणे झिजत चालली आहेत. पुढे तेथे फायबरग्लास बसविण्यात आले. एवढ्या पोलादाला तांबूल भारी पडावा! लोखंड वादळाला भीत नाही. त्याला बेपर्वाई खाते.

बंगालात सप्टेंबरच्या १७ तारखेच्या सुमारास विश्वकर्म्याची पूजा होते आणि त्या दिवशी यंत्रे विसावा घेतात. आपली खंडेनवमी त्यानंतर थोड्या दिवसांनी येते. आम्ही दोन्ही पाळतो. परंतु ओला झेंडू टेबलावर रात्रभर राहिला तर सकाळी त्याच्या पाकळ्यांची तपकिरी आकृती बिडावर उमटते. म्हणून पूजा पाटावर मांडावी, आणि आरती झाली की फडके घ्यावे.

यंदा वैशाखात बदलीचा हुकूम आला. आमच्या जागी कोण येणार ते ठरलेले नव्हते; घर पावसाळाभर कुलूपबंद राहण्याची चिन्हे दिसत होती. बंद खोलीतल्या टेबलासाठीही उपाय आहेत. मेणाचा जाडसर हात न पुसता तसाच ठेवावा, वर मेणकागद अंथरावा, त्यावर कापडी आच्छादन घालावे. नुसते प्लास्टिक नको, त्याच्या खाली ओल कोंडते. हे सारे करून किल्ली पुढच्या अधिकाऱ्यासाठी ठेवावी, हा एक मार्ग होता. हातोहात चालत आलेली परंपरा त्यामुळे राहिली असती. पण येणाऱ्याला करवतीची आवड असेलच कशावरून? मेण चार महिने धीर धरील. पाचव्या महिन्यात भंगारवाला दारात उभा असेल.

त्याच सुमारास खिडक्यांची तावदाने दुरुस्त करावयास वसाहतीचे नेहमीचे वृद्ध मिस्त्रीमोशाय आले होते. जवळच्या गल्लीत त्यांचे दुकान आहे. त्यांची करवत प्लायवूडच्या फळीवर बसविलेली आहे. त्यांनी आमच्या टेबलावर तळहात ठेवला, त्याचा सपाटपणा अजमावला, हात उचलला, आणि काही न बोलता गमछाच्या टोकाने पंज्याची जागा पुसून काढली. त्यांना तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते. तव्याविषयीचे ते वाक्य आम्हांस त्या क्षणी आठवले. ‘जो वापरील त्याच्या हाती’ एवढेच अटीत होते. तो अधिकारीच असावा असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. आम्ही तमिळ गृहस्थांना दूरध्वनी करून विचारले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “रोज वापरणार असतील तर मला विचारावयाचे कारणच नव्हते.”

सहा माणसे आणि एक ठेलागाडी लागली. सोबत मेणाचा डबा दिला, आणि तारखांची रांग त्यांना समजावून सांगितली. ते हसले, रोज पुसावयाच्या वस्तूची तारीख काय लिहावयाची, असे त्यांना वाटले असावे.

सामानाची बांधाबांध चालू असता एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या दुकानावरून गेलो. टेबलावर शिसवीची फळी सरकत होती आणि भुशाला तिचा किंचित गोड वास येत होता. बिडावर गल्लीतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडले होते. पेटीचे दार उघडेच होते. आमच्या शेवटच्या तारखेखाली पेन्सिलीने आणखी एक तारीख लिहिलेली होती. ती वाचावयास आम्हांस जरा वेळ लागला; बंगाली चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो.